वऱ्हाडचं ‘ओसाड’ माळरान वहीत कसं उतरवायचं? निसर्गनोंदवही म्हणजे काय आणि ती कशी ठेवायची

मे महिन्यात अकोल्याहून किंवा अमरावतीहून कुठल्याही दिशेनं बाहेर पडा. पारा ४५ अंशांच्या घरात. कपाशीची उलंगवाडी कधीच झालेली. गाडीच्या खिडकीतून दिसतं ते पिवळं पडलेलं गवत, चार बाभळी आणि एखादं निवडुंगाचं कुंपण. बहुतेकांचा शेरा ठरलेला असतो : “इथं काय बघायचं?”

आता त्याच माळावर सकाळी सहा वाजता एक कोरी वही आणि पेन्सिल घेऊन अर्धा तास बसा. समोरच्या बाभळीचा फक्त एक काटा काढायचा ठरवा. तो एकटा नाही, जोडीनं येतो, हे पाच मिनिटांत लक्षात येईल. मग शेजारच्या बोरीकडे नजर जाईल. तिथंही काट्यांची जोडी आहे, पण त्यातला एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला. रोज जाता-येता दिसणाऱ्या या दोन झाडांतला हा फरक याआधी किती जणांनी पाहिला असेल?

बघून, रेखाटून आणि लिहून ठेवण्याच्या या सवयीला निसर्गनोंदवही म्हणतात. ती कशी ठेवायची, त्यासाठी चित्रकला यावी लागते का, आणि वऱ्हाडासारख्या कोरड्या भागात तिची गरज जास्त का आहे, ते समजून घेऊया.

वऱ्हाड म्हणजे वाळवंट आहे का?

नाही. जैसलमेरला वर्षाला साधारण २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अकोल्यात ८०० मिलिमीटरच्या आसपास. पण हा पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने झाडांना आणि प्राण्यांना साठवलेल्या पाण्यावर, खोल मुळांवर किंवा काटकसरीवर काढावे लागतात. म्हणूनच वाळवंटात जगण्याच्या बऱ्याच युक्त्या इथंही दिसतात.

काही झाडं तर वाळवंटातली आणि इथली एकच आहेत. राजस्थानात ज्याला केर म्हणतात आणि ज्याच्या फळांची भाजी प्रसिद्ध आहे, ते झुडूप आपल्याकडे नेपती म्हणून ओळखलं जातं. वर्षातला बराच काळ त्याला पानं नसतात. हिरव्या फांद्याच पानांचं काम करतात. हिंगणबेटाचंही तसंच. त्याचे लांब काटेसुद्धा हिरवे असतात आणि पानं दोन-दोनच्या जोडीनं येतात. आफ्रिकेच्या सहारा भागातही हे झाड आढळतं.

निसर्गनोंदवही म्हणजे नेमकं काय?

जे प्रत्यक्ष पाहिलं त्याचं झटपट रेखाटन, त्याशेजारी शब्दांतली टिपणं आणि आकडे, असं मिळून एक पान तयार होतं. ते पान दिवाणखान्यात लावायच्या चित्रासारखं सुबक असण्याची गरज नाही. उद्देश एवढाच की सहा महिन्यांनी तुम्ही किंवा दुसऱ्या कुणी ते उघडलं, तर त्या दिवशी तिथं काय होतं ते कळावं.

ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. अमरावती जिल्ह्याच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात धारूळ गावाजवळ सातपुड्याच्या डोंगरात अंबादेवी शैलाश्रय आहेत. जानेवारी २००७ मध्ये अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना तिथल्या खडकांवर प्राचीन चित्रं आढळली. त्यात हत्ती, गेंडा, पक्षी, मासे असे प्राणी ओळखता येतात. काही आकृत्यांबद्दल अभ्यासकांत अजून चर्चा आहे. आज सातपुड्यात गेंडा नाही. तरी कुणीतरी पाहिलेला प्राणी दगडावर उतरवला, म्हणून तो प्रश्न आज आपल्यासमोर आहे.

दुसरं उदाहरण पुण्याजवळचं. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ या नावानं ओळखला जाणारा हा संग्रह आज एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहे. चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता एवढंच कळतं. त्याचं नाव कुठंही नोंदलेलं नाही. तेव्हा पहिला धडा : पानावर आपलं नाव आणि तारीख टाका.

मोबाइलमध्ये कॅमेरा असताना चित्र कशाला?

फोटो काढू नका असं कुणी म्हणत नाही. पण फोटो आणि रेखाटन ही दोन वेगळी कामं आहेत.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. संग्रहालयात फिरताना ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या वस्तू आणि त्यांचे तपशील लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवले. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा हा तोटा दिसला नाही. म्हणजे अडचण कॅमेऱ्याची नाही, न बघता बटण दाबण्याची आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उलट बाजू तपासली. लोकांना काही शब्द दिले. काहींचं चित्र काढायचं होतं, काही शब्द नुसते पुन्हा पुन्हा लिहायचे होते. चित्र काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले. चित्र किती चांगलं आलं, यानं फारसा फरक पडला नाही.

रेखाटताना डोळ्याला निर्णय घ्यावे लागतात. पान देठाला समोरासमोर आहे की एकाआड एक? पक्ष्याची चोच डोक्यापेक्षा लांब की आखूड? उत्तर माहीत नसेल तर पेन्सिल थांबते आणि पुन्हा बघावंच लागतं.

नीट बघणं आणि खरं लिहिणं किती महत्त्वाचं? रानपिंगळ्याची गोष्ट

मेळघाटची ओळख व्याघ्र प्रकल्प म्हणून आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. पण पक्षी अभ्यासकांसाठी मेळघाट आणखी एका रहिवाशामुळे महत्त्वाचा आहे, तो म्हणजे रानपिंगळा. हे छोटं घुबड फक्त मध्य भारतात सापडतं.

१८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ पर्यंत त्याचे मोजून सात नमुने गोळा झाले. त्यानंतर तो दिसेनासा झाला. मध्येच १९१४ मधल्या एका नमुन्याची नोंद होती. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी तो गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवल्याचा दावा केला होता.

पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले जुने नमुने बारकाईनं तपासले. माइनर्ट्झहागेन यांचा नमुना चोरीचा निघाला. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेलाच नमुना पुन्हा शिवून, खोटी तारीख आणि खोटं ठिकाण लावून ठेवला होता. खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोध कुठं घ्यायचा ते स्पष्ट झालं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना नंदुरबारच्या शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर तब्बल ११३ वर्षांनी. पुढच्या सर्वेक्षणांत मेळघाट हे त्याच्या महत्त्वाच्या घरांपैकी एक असल्याचं समोर आलं.

हा पक्षी इतकी वर्षं चुकला, याचं एक कारण गावागावांत दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याशी त्याचं असलेलं साम्य. फरक बारीक आहेत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे ठिपके जवळपास पुसट. त्याच्या छातीवर गडद पट्टा, पोट पांढरं आणि शेपटीवर रुंद पट्टे. शिवाय तो दिवसाउजेडी वावरतो.

या गोष्टीतून नोंदवहीसाठी दोन नियम मिळतात. ठिपके कुठं आहेत आणि कुठं नाहीत, हे काढून ठेवा. आणि जे पाहिलं नाही ते लिहू नका.

सामान काय लागतं?

फार नाही. शाळेच्या दुकानात मिळणारी कोऱ्या पानांची वही, एक एचबी आणि एक २बी पेन्सिल, एक बॉलपेन, सहा इंची पट्टी. वही टेकवायला एक पुठ्ठा आणि पानं उडू नयेत म्हणून एक चिमटा. जमल्यास छोटी जलरंगाची डबी. दुर्बीण असेल तर उत्तम, पण सुरुवात झाडांपासून करायची असल्यानं ती नसली तरी अडत नाही.

खोडरबर शक्यतो घरी ठेवा. चुकीची रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढली, की नजर कशी सुधारत गेली ते पानावर दिसतं.

सुरुवात झाडांपासून का?

कारण ती पळत नाहीत. वऱ्हाडात सोप्या पहिल्या तीन जोड्या अशा :

*बाभूळ आणि हिवर.* दोन्ही काटेरी, दोघांची पानं बारीक पिसांसारखी. बाभळीची साल काळपट, फुलं पिवळी गोंड्यासारखी आणि शेंग मण्यांची माळ ओवल्यासारखी. हिवराची साल फिकट. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘ल्यूकोफ्लोइया’ या शब्दाचा अर्थच पांढऱ्या सालीचं. शेंगा शेजारी शेजारी काढा, पुन्हा गोंधळ होणार नाही.

*निवडुंग आणि फड्या निवडुंग.* दोघांनाही आपण निवडुंग म्हणतो, पण ते एकमेकांचे नातेवाईक नाहीत. फड्या मूळचा अमेरिका खंडातला. त्याचे चपटे फडे ही पानं नव्हेत, खोड आहे. काटे फड्यावरच्या ठरावीक ठिपक्यांतून निघतात. साधा निवडुंग आपल्याकडचा. त्याचे काटे जोडीजोडीनं येतात, पावसाळ्यात फांद्यांच्या टोकाला जाड पानं फुटतात आणि जखम झाली की पांढरा चीक येतो. कोरड्या हवेत टिकण्यासाठी जगाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या कुळांनी एकच उपाय शोधला, हे चित्र काढताना आपोआप समजतं. एक काळजी घ्या : हा चीक डोळ्यांना घातक असतो. चित्रासाठी फांदी मोडू नका.

*रुई आणि तिच्यावरचे पाहुणे.* रुईचं पान जाड आणि पांढुरकी भुकटी लावल्यासारखं. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, पण प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तीच खाऊन वाढतात. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी आणि तिच्या अंगावरच्या शिंगांसारख्या तीन जोड्या हे एका पानाचं काम आहे.

आणि एक प्रयोग. कुसळी गवताचं एक सुकं कुसळ घ्या. ते दोरीसारखं पिळलेलं दिसेल. ते काढा. मग त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि दर मिनिटाला पुन्हा काढा. ओलं झालं की पीळ सुटत जातो, वाळलं की पुन्हा बसतो. या फिरण्यामुळेच बी जमिनीत स्क्रूसारखं रुतत जातं. आपल्या पायजम्यात घुसतं तेही त्याच पद्धतीनं.

हलणारा पक्षी कसा काढायचा?

पिसं मोजत बसू नका. क्रम असा ठेवा :

१. आधी एक रेघ. पक्षी आडवा आहे की उभा, तो कल पकडा.
२. त्या रेघेवर शरीराचं अंडं आणि डोक्याचा गोल.
३. मग चोच, शेपटी आणि पाय यांची लांबी शरीराच्या तुलनेत.
४. शेवटी खुणा. डोळ्यावर पट्टा, छातीवर डाग, पंखावर रंग. रंग भरायला वेळ नसेल तर बाण काढून लिहा : “इथं पिवळा”.

पक्षी उडाला तर चित्र अर्धंच सोडा आणि बाजूला नवं सुरू करा. तो बहुधा पुन्हा त्याच पवित्र्यात येतो, तेव्हा पहिल्या चित्राकडे वळा. एका पानावर आठ अर्धवट पक्षी हे चांगलं पान असतं.

सरावासाठी टिटवी उत्तम. पाण्याजवळच्या टिटवीच्या चोचीमागे लाल मांसल भाग असतो. कोरड्या माळावरच्या माळटिटवीचा तो भाग पिवळा, डोक्यावर काळी टोपी आणि पायही पिवळे. दोघी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर तुम्ही अंड्यांच्या जवळ आहात. वही मिटून मागे फिरा.

एका पानावर काय काय हवं?

– तारीख, वेळ आणि ठिकाण (गाव, शिवार, तलाव)
– हवा : ऊन, ढग, वारा
– रेखाटन आणि त्याचा आकार : खऱ्या मापाचं की मोठं केलेलं
– मोजता येतं ते आकड्यात : पाकळ्या, काट्याची लांबी, थव्यातले पक्षी
– प्राणी काय करत होता
– स्थानिक नाव, सांगणाऱ्याच्या तोंडून जसं आलं तसं
– एक प्रश्न, ज्याचं उत्तर मिळालं नाही

यातलं स्थानिक नाव सोडू नका. गुराखी, मेळघाटातले कोरकू किंवा माळरानाची पिढीजात जाण असलेले फासेपारधी यांना जे माहीत असतं, ते पुस्तकात मिळेलच असं नाही.

कधी आणि कुठं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस. पानं गळालेली आणि फुलं उघडी, त्यामुळे फुलावर येणारे पक्षी सहज दिसतात. एप्रिल-मे मध्ये काटे, साली आणि निष्पर्ण झाडांचे आकार. बसायचं मात्र सकाळी नऊच्या आत, डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाणी ठेवूनच. पहिल्या पावसानंतर जमिनीवर लाल मखमली मृगाचा किडा. त्याचे पाय मोजा. पूर्ण वाढलेल्याला आठ असतात, म्हणजे तो खरं तर कीटक नाही, कोळ्याच्या गटातला आहे. हिवाळ्यात माळावरून खालून उडत जाणारे भोवत्या पक्षी, जे लांबून स्थलांतर करून येतात.

जागांसाठी लांब जायची गरज नाही. अमरावतीकरांना छत्री तलाव, वडाळी आणि पोहरा-मालखेडचा परिसर, अकोलेकरांना कापशी तलाव आणि मोर्णेचा काठ. काटेपूर्णा, नरनाळा, मेळघाट आणि वाशिम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य इथं वन विभागाचे नियम पाळावे लागतात. वाहनातून उतरू नका म्हटलं असेल तर चित्र वाहनात बसूनच. अभयारण्यातून फूल, पीस, शेंग काहीही उचलून आणायचं नाही. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणंही टाळा.

याचा उपयोग काय?

वऱ्हाडातल्या अनेक गावांत ई-क्लास जमीन असते. गावाच्या गुरांसाठी राखलेली, कागदावर सरकारची. बाहेरच्या माणसाला ती रिकामी दिसते. केंद्र सरकारच्या ‘वेस्टलँड अ‍ॅटलस’मध्येही झुडपी जमिनी पडीक वर्गात येतात. पडीक म्हटलं की तिथं रस्ता, प्रकल्प किंवा अतिक्रमण यायला कुणाची हरकत राहत नाही.

पण याच गवतात तणमोर वाढतो. पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून नर गवतातून दिवसात शेकडो वेळा उंच उडी मारतो. २०२१ पासून हा पक्षी जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. अकोला-वाशिमच्या माळरानांवर तो दिसल्याच्या नोंदी आहेत आणि या भागात फासेपारधी समाजातले काही जण गवताळ जागा राखण्याच्या कामात आहेत. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या ‘झुडपी जंगल’ जमिनींना वन मानायचं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये न्यायालयानं त्या वनजमिनी असल्याचं मान्य केलं.

एका वहीनं जमीन वाचत नाही. तरी एखाद्या माळाबद्दल “इथं काहीच नाही” असं कुणी म्हटलं, तर तीन वर्षांच्या तारखा, ठिकाणं आणि चित्रं असलेली वही समोर ठेवता येते. शाळेच्या निसर्ग मंडळात, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत किंवा पक्षी अभ्यासकांच्या हाती ती पडली, तर तिचा उपयोग होतो. अट एकच : तारीख आणि ठिकाण खरं हवं.

सुरुवात या रविवारी करा. घराजवळचं एक झाड निवडा आणि वर्षभर महिन्यातून एकदा तेच झाड काढा. बारा पानं झाली की पहिलं आणि बारावं शेजारी ठेवून बघा.